जे आठवते ते सांगा

घाटोळे कॉम्प्युटरच्या खोलीत चपला घालून जायचे. आज यात कुणाला काही वाटणार नाही. पण ऐंशीच्या दशकाच्या मधल्या वर्षांत आमच्या हॉस्पिटलातले मोठमोठे डॉक्टरसुद्धा त्या खोलीच्या दाराशी बूट काढून ठेवत. नागपूरच्या इतवारीतल्या एका व्यापाऱ्याने वडिलांच्या नावाने ते यंत्र दान दिलं होतं. आलं त्या दिवशी त्याला हळदकुंकू वाहिलं, नारळ मात्र बाहेर फोडला, पाणी उडायला नको म्हणून. खोलीला एसी बसवला. तोवर एसी फक्त ऑपरेशन थिएटरला होता. अशा त्या गाभाऱ्यात हा माणूस टायरच्या तळाच्या चपला फटफट वाजवत शिरायचा. आमचे सेक्रेटरी जोगळेकर साहेब यांनी एकदा हटकलं, तर म्हणाले, "साहेब, मशीनले पायाशी काय घेणं आहे? ते तं हात पाहते."

मी तिथे रेकॉर्ड रूममध्ये क्लार्क होते. महाल या जुन्या वस्तीत जन्मले, तिथेच वाढले. लग्न झालेलं नव्हतं, आणि ते का झालं नाही हे विचारायचा लोकांनाच कंटाळा यावा एवढं माझं वय झालं होतं. हॉस्पिटल धर्मादाय, त्यामुळे गर्दी विचारू नका. काटोल, उमरेड, रामटेक, पार शिवनी-बालाघाटकडूनही पेशंट येत. प्रत्येकाचा केसपेपर, त्यावर नंबर, आणि सगळे पेपर वर्षावार गठ्ठे बांधून माझ्या खोलीत. परत आलेल्या माणसाने नंबराची चिठ्ठी दाखवली की पेपर लगेच हातात. पण चिठ्ठी सांभाळतो कोण? ती धुण्यात जायची, चुलीत जायची, पोरं तिची नाव करून नालीत सोडायची. मग खिडकीवरचा क्लार्क "नवीन पेपर काढा" म्हणून मोकळा व्हायचा. कोणतं औषध सोसलं नव्हतं, कोणतं ऑपरेशन आधी झालं होतं, हे सगळं गठ्ठ्यात तसंच पडून राहायचं आणि डॉक्टर पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. यंत्र आणलं ते यासाठी, आणि घाटोळेंना आणलं ते यंत्रासाठी. सहा महिन्यांची तात्पुरती ऑर्डर, काम पसंत पडलं तर कायम करू, असं तोंडी आश्वासन.

प्रभाकर घाटोळे काटोलच्या बाजूचे. घरी शेती, इंजिनिअरिंगची डिग्री नागपूरची. उंच, किंचित पोक काढून चालणारे, आणि शर्टाच्या खिशाखाली शाईचा एक कायमचा निळा डाग. आमच्याकडच्या शिकलेल्या माणसांना साहेबासमोर गेलं की पुस्तकी मराठी फुटते. यांना ती कधी फुटली नाही. ट्रस्टच्या मीटिंगमध्येही "मले वाटते" आणि "करून राहिलो" चालू. सुरुवातीला मी नाक मुरडलं होतं. महालातल्या माणसांना तेवढा हक्क आहे असा आमचा समज असतो.

त्यांची एक खोड होती. जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन ते पेशंटच्या रांगेशेजारच्या बाकावर बसायचे आणि लोक खिडकीवर काय बोलतात ते ऐकायचे. भाकरीचा घास हातात, तोंड उघडं, कान खिडकीकडे. कुणी म्हातारा "मांग आलो होतो तवा डॉक्टरीणबाई होती, चष्मेवाली" असं सांगू लागला आणि क्लार्कने "नंबर, नंबर" करून त्याला गप्प केलं की घाटोळे हळहळायचे. "पाहा बाई, तो सांगून राहिला अन् आपण ऐकून नाही राहिलो," असं मला म्हणायचे. मला ते थोडे वेडसरच वाटत.

त्यांचा पहिला प्रोग्रॅम मात्र इतर कुणीही केला असता तसाच होता. पडद्यावर सात चौकटी. पहिली नावाची, मग वय, गाव, आजार असं पुढे. यंत्राला फक्त इंग्रजी अक्षरं येत, म्हणून मराठी नावं आम्ही इंग्रजीत ठोकत असू. नाव भरल्याशिवाय यंत्र दुसऱ्या चौकटीत जाऊच द्यायचं नाही. हे तयार झाल्यावर घाटोळेंनी ते डॉक्टरांना दाखवलं नाही. त्यांनी आमच्या कॅन्टीनच्या पांडेजींना बोलावून खुर्चीवर बसवलं. पांडेजींनी हात धोतराला पुसले, एका बोटाने काहीतरी दाबलं, आणि यंत्राने पीं करून मोठ्या अक्षरांत दाखवलं, 'इनव्हॅलिड'. पांडेजी उभे राहिले, यंत्राला हात जोडले, "गलती हो गई" म्हणाले आणि चहा उतू जाईल म्हणून निघून गेले. मी हसून हसून बेजार. घाटोळे हसले नाहीत.

"तेनं कोणाचं काय बिघडवलं होतं बाई? तेले माफी मागा लागली." त्या दुपारी त्यांनी तो शब्द यंत्रातून काढून टाकला, आणि पीं आवाजही. मी म्हटलं, अहो, चूक त्यांची होती. तेव्हा त्यांचं ते वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. नंतर ते इतक्यांदा ऐकलं की माझ्याच तोंडात बसलं: "तेले नाही जमलं तं आपल्याले नाही जमलं."

पुढे त्यांनी वॉर्डातल्या आया बसवल्या, सिस्टर बसवल्या, रक्त तपासायला आलेले दोघे जण बसवले. थोडंथोडं बदलत प्रोग्रॅम चालायला लागला. जोगळेकर साहेबांनी ट्रस्टींना दाखवायचा दिवस ठरवला. आणि त्याच आठवड्यात घाटोळेंची आई गावाहून आली.

तिच्याजवळ तुरीच्या शेंगांची पिशवी होती. त्यातल्या अर्ध्या तिने मला दिल्या, मी कोण हे विचारण्याआधीच. घाटोळे म्हणाले, "आई, बस. समज, बाबाचा कागद शोधायचा आहे. पाठकबाई टाईप करतात, तू फक्त सांग." त्यांचे वडील मागे आमच्याकडेच हर्नियाच्या ऑपरेशनला येऊन गेले होते, म्हणजे पेपर खरोखर होता. आई खुर्चीच्या कडेला टेकली. मी विचारलं, "नाव सांगा, मावशी."

तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि मुलाकडे बघून हसली. "मी नाही घेत बाप्पा त्याईचं नाव."

"अवं आई, मशीनले सांगायचं आहे, माणसाले थोडीच."

"मशीन ऐकत नाही काय मंग?"

"ऐकते ना."

"ऐकते तं कायले घेऊ?"

नावाच्या चौकटीतली ती बारीक रेघ लुकलुकत राहिली. यंत्र पुढे सरकेना, मावशी नाव घेईना. मी घाटोळेंना म्हटलं, "तुम्हीच सांगा ना, तुम्हाला माहीत आहे." त्यांनी मान हलवली. "अन् आई एकटीच आली असती तं?"

मावशीला आमचा गोंधळ कळेना. ती म्हणाली, "परभ्याचे बाबा म्हणा. गाव सांगा. कापूस वेचणीले आला होता तवा आणलं होतं, संग माहा भाऊ होता. इतकं सांगून बी ज्याले सापडत नाही ते कायचं मशीन?"

मावशी नवऱ्यासाठी मलम घेऊन संध्याकाळच्या गाडीने परत गेली. घाटोळे तिला पोचवून आले आणि खुर्चीत बसून राहिले. शेंगा तशाच टेबलावर. "रोज किती बाया येत असतील बाई खिडकीवर," ते म्हणाले, "अन् पहिल्याच प्रश्नाले परत जात असतील. मी त्याच घरचा. मायनं बाबाचं नाव घेतलेलं मी जन्मात ऐकलं नाही. अन् मलेच नाही सुचलं." माझीही आई वडिलांना 'अहो' आणि 'हे' यापलीकडे काही म्हणाली नव्हती. पण त्यात एवढं वाईट वाटण्यासारखं काही आहे, हे मला त्यांच्याकडे बघून कळलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सातही चौकटी काढून टाकल्या. त्यांच्या जागी एकच रिकामी ओळ ठेवली. खिडकीवरच्या क्लार्कने विचारायचं एवढंच: जे आठवते ते सांगा. गाव, सोबत आलेला माणूस, दिवाळी की पेरणी, कोणता वॉर्ड, मुलाचं नाव. जे सांगतील ते त्या ओळीवर टाकायचं आणि यंत्राने शोधायचं. जोगळेकर साहेब वैतागले, पण दाखवायचा दिवस पुढे ढकलला आणि ऑर्डर एकदा वाढवून दिली. "यापुढे वाढ नाही," असं त्यांनी बजावलं.

यंत्राला हे सगळं शोधता यायचं तर आधी ते त्याच्या पोटात जायला हवं. म्हणून आम्ही दोघं गठ्ठे सोडून बसलो. ते पेपर वाचत, सोबतच्या माणसाचं नाव कोपऱ्यात कुठे असेल ते शोधून सांगत, आणि मी ठोकत असे. धुळीने दोघांना शिंका. मध्येच ते एखाद्या पेपरवर थांबून म्हणायचे, "ह्याच्या संगं सासू आली होती बाई. जावयासाठी सासू. चांगला माणूस असंन." मग त्या अनोळखी जावयाबद्दल आम्ही बराच वेळ बोलायचो. त्या महिन्यांइतकी सुखात मी कधी नव्हते, आधीही नाही आणि नंतरही नाही. घरी जायला उशीर झाला की आई कुरकुरायची आणि मी गठ्ठ्यांना शिव्या घालायचे.

मग एक नवाच पेच आला. ओळीवर 'काटोल, दिवाळी' टाकलं की यंत्र भराभरा इतकी माणसं ओकायचं की पडदा थांबायचाच नाही. दोन दिवस घाटोळे त्यातच अडकले होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "बाई, चला, गांधीबागेत लुगडं घ्यायले जाऊ."

"कुणासाठी?"

"कोणासाठीच नाही. पाहायले."

आम्ही तिथल्या कापडबाजारात एका मोठ्या दुकानात गादीवर जाऊन बसलो. दुकानदाराने आमच्याकडे एकवार पाहिलं, नोकराला खूण केली, आणि माझ्यासमोर लाल-हिरवे शालू उलगडायला सुरुवात झाली. लग्नाची खरेदी, हे त्याने ठरवूनच टाकलं होतं. माझे कान तापले. मी घाटोळेंकडे पाहिलं, की हे आता सांगतील. पण त्यांचं लक्ष शालूंकडे नव्हतंच, ते त्या नोकराच्या हातांकडे बघत होते. शेजारी एक बाई सांगत होती, "माझ्या जावेने नेलं होतं ना, तसं, पण इतकं भडक नको." नोकराने तिला काही विचारलं नाही. चार-पाच लुगडी समोर टाकली. तिने एकावर हात ठेवून "असंच, पण काठ बारीक" म्हटलं, की बाकीची उचलून त्याच जातीची आणखी चार टाकली. घाटोळेंनी माझ्या कोपराला धरून हलवलं. "पाहा, पाहा. तो विचारून नाही राहिला. दाखवून राहिला."

मी एक शालू पदरावर लावून पाहिला. नोकरानेच लावून दिला, मी नको म्हटलं नाही. दुकानदार घाटोळेंना म्हणाला, "कसा दिसून राहिला, साहेब?" ते दचकून म्हणाले, "हो, हो, बेस आहे," आणि उठून चपला शोधायला लागले. बाहेर पडल्यावर हातगाड्यांच्या गर्दीतून ते इतक्या झपाट्याने निघाले की मला धावावं लागलं. डोक्यात प्रोग्रॅम तयार झाला होता. पाचच पेपर दाखवायचे. माणूस म्हणेल हा नाही, तो नाही, ह्याच्यासारखा पण म्हातारा. मग त्यातले पुढचे पाच. त्यांनी ते करूनही दाखवलं, आणि ते चाललं. शालूचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. मीही नाही.

याच सुमाराला मुंबईच्या एका कंपनीचा माणूस ट्रस्टींना भेटून गेला. त्यांचा प्रोग्रॅम नंबराचा, कडक शिस्तीचा, आणि तो चालवायला त्यांचा माणूस कायम इथे बसणार. पगार हॉस्पिटलने द्यायचा. हे ऐकलं आणि मी ठरवलं की बोलायचं. चहा पिताना मी म्हटलं, "घाटोळे, तुम्हीही त्यात एखादी गाठ ठेवा ना. तुम्हालाच सुटेल अशी. महिन्यातून एकदा बिघडेल, तुम्ही नीट कराल. कंपन्या असंच करतात."

त्यांनी कप खाली ठेवला. रागावले नाहीत. "अन् मी गावाले गेलो असलो त्या दिवशी आलेल्या बाईनं काय करावं? मी येतपर्यंत बाकावर बसावं?"

"तुमची नोकरी जाईल त्यापायी."

"काहून जाईल? काम चांगलं झालं तं ठेवतीनच ना."

तुमच्यासाठी नाही, माझ्यासाठी ठेवा, एवढं मला म्हणता आलं असतं. जिभेपर्यंत आलं होतं. मी कप विसळायला घेऊन गेले.

शेवटी ट्रस्टी आले. घाटोळे स्वतः खुर्चीवर बसलेच नाहीत. त्यांनी जोगळेकर साहेबांनाच बसवलं. साहेबांनी आयुष्यात टाईपरायटरलाही हात लावलेला नव्हता. "साहेब, कोणाचा कागद पाहिजे?" साहेबांना त्यांच्या माळ्याच्या बायकोची आठवण झाली. तिचा जुना पेपर मागे सापडला नव्हता. "नाव काय बरं तिचं... मला नाही माहीत." "नको नाव. जे आठवते ते टाका." साहेबांनी एक एक अक्षर शोधत उमरेड टाकलं, जावई टाकलं, उन्हाळा टाकलं. पाच पेपर आले. त्यांनी चष्मा वर केला, दुसऱ्यावर बोट ठेवलं. "हीच. हिचाच जावई बसचा कंडक्टर." मी आत जाऊन गठ्ठ्यातून पेपर आणला. तोच होता.

साहेबांचा चेहरा लहान मुलासारखा झाला. "अहो, मला आलं," ते ट्रस्टींना सांगत होते. मग त्यांनी शिपायाला बोलावून बसवलं. त्यालाही आलं. एक ट्रस्टी स्वतः बसले, त्यांनाही आलं. मुंबईच्या कंपनीचा विषय तिथेच संपला. सगळे घाटोळेंच्या पाठीवर थापा मारत होते. मला रडू येईल की काय असं वाटत होतं, आनंदाने.

मग जोगळेकर साहेब म्हणाले, "म्हणजे हे कुणालाही येईल."

"हो साहेब. कोणालेही."

"बिघडायचं काही नाही?"

"नाही साहेब."

"मग घाटोळे, तुम्ही इथे काय कराल?"

त्यांनी हे वाईट हेतूने विचारलं नव्हतं. खरंच विचारलं होतं. घाटोळे आधी हसले, आणि हसू तोंडावर असतानाच प्रश्न त्यांच्यापर्यंत पोचला. "काही नाही साहेब," ते म्हणाले. "मले काही काम नाही उरत."

कायम ऑर्डर निघाली नाही. हॉस्पिटल धर्मादाय, पैसा देणगीचा, बसवून कुणाला ठेवता येत नाही, हे साहेबांचं म्हणणं खोटं नव्हतं. त्यांनी प्रशंसापत्र मात्र छान दिलं. शेवटच्या दिवशी घाटोळेंना कुणाला काही समजावून द्यायचं नव्हतं, समजावण्यासारखं त्यांनी काही ठेवलंच नव्हतं. माझ्या टेबलापाशी आले, "येतो बाई" म्हणाले. मी "या" म्हटलं. रायपूरकडच्या एका कारखान्यात त्यांना नोकरी लागली, तिकडेच लग्न झालं, असं नंतर कानावर आलं. गठ्ठ्यांच्या खोलीत बरेच दिवस मला त्यांच्या शिंकांचा भास व्हायचा.

काही वर्षांनी यंत्र खिडकीवरच हलवलं, आणि तिथे रजनी नावाची नवी मुलगी आली. चुणचुणीत, बोलघेवडी. एका सोमवारी, रांग दारापर्यंत गेलेली, मी हातात पेपर घेऊन तिच्या मागे उभी होते, आणि जाळीपलीकडे घाटोळे दिसले. केस विरळ झालेले, पोक वाढलेलं. एका म्हाताऱ्याला दंडाला धरून आणलं होतं.

"नंबर नसला तरी चालते, काका," रजनी म्हणाली. "जे आठवते ते सांगा."

त्यांनी नाव सांगितलं नाही. गाव सांगितलं, पेरणीचे दिवस सांगितले, सोबत भाचा होता म्हणून सांगितलं. रजनीने पडद्याकडे नीट न बघता बोटं चालवली, पाच पेपर आले, म्हाताऱ्याचं वय विचारून तिने त्यातला एक निवडला. घाटोळे तिच्या बोटांकडे बघत होते.

"पोरी, हे शिकायले किती दिवस लागले तुले?"

"शिकायचं काय आहे त्यात, काका?" ती म्हणाली. "बसलं की येतेच. पुढचे या."

त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी ट्रस्टींच्या थापा पडत होत्या तेव्हाही पाहिलं नव्हतं. मी रजनीला सांगायला पुढे झाले, की अगं, हे कोण आहेत तुला माहीत आहे का. त्यांनी मला पाहिलं आणि हसून नकाराची मान हलवली. "बऱ्या आहा ना बाई?"

"बरी आहे."

"मामाले दाखवून देतो," ते म्हणाले, आणि पेपर घेऊन, म्हाताऱ्याला सांभाळत गर्दीत शिरले. कॉरिडॉरच्या टोकाला त्यांनी एकदा मागे वळून पाहिलं. खिडकीकडे पाहिलं. रजनीच्या पुढ्यात तेव्हा एक बाई पदर सावरत काहीतरी सांगत होती, आणि रजनी ते ठोकत होती. मग ते वळणाआड गेले. त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही.

त्या दिवशी मी रजनीवर उगाचच चिडत राहिले. पेपर उशिरा दिला म्हणून बोलले, मोठ्याने हसली म्हणून बोलले. संध्याकाळी पर्स घेऊन निघताना ती माझ्या टेबलाशी आली आणि रडवेल्या आवाजात म्हणाली, "ताई, काय चुकलं माझं?" तिचं काही चुकलं नव्हतं. तिला ते फार सहज येत होतं, एवढंच.